बेचाळीसपैकी सहा, आणि त्यातला एक ज्याच्याबद्दल कोणालाच काही आठवत नाही

हजेरीपट (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, आज गरज पडली म्हणून धागा काढतोय. लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आमच्या एमेस्सी फिजिक्सच्या वर्गाला २५ वर्षं होतायत. दोन महिन्यांनी गेट-टुगेदर ठरलंय, विद्यापीठातच, आमच्याच डिपार्टमेंटच्या लेक्चर हॉलमध्ये. यादी करायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण काय तर 'तुझं अक्षर चांगलं आहे' (यादी एक्सेलमध्ये करायचीय हे सांगूनही!). हजेरीपटावर आम्ही ४२. त्यातले ३१ व्हॉट्सॲप ग्रुपवर आहेत, ५ जणांचा काही पत्ता नाही, आणि ६ जण गेले.

सहा हा आकडा आला तेव्हा मला वाटलं कुठलं तरी नाव दोनदा धरलं गेलं. ग्रुपवर विचारलं असतं तर बहुतेकांनी तीन सांगितले असते. एक निकालानंतर वर्षभरातच बाइकच्या अपघातात गेला, तेव्हा निम्मा वर्ग जमला होता. २०२१ मध्ये दीड महिन्याच्या अंतरानं दोघं गेले, ते ग्रुपवरच कळलं, मग आरआयपी, जोडलेले हात, आणि तिसऱ्या दिवशी परत जोक सुरू. चौथी कॅन्सरनं गेली, कोणाला कळवू नका असं तिनंच घरी सांगून ठेवलं होतं, आम्हाला तीन वर्षांनी कळलं. पाचव्यानं स्वतःला संपवलं. आणि सहावा रोल नंबर २३.

धागा खरं तर २३ साठी आहे.

त्याचा मोबाइल नंबर कोणाकडेच नव्हता. शेवटच्या वर्षी सगळ्यांचे पत्ते लिहून घेतलेली एक वही आहे माझ्याकडे, त्यात घरचा लँडलाइन होता, लागणार नाही असं धरूनच लावला आणि लागला. त्याच्या मोठ्या भावानं उचलला. म्हणाले, तो जाऊन अकरा वर्षं झाली, हार्ट ॲटॅक. मी जे म्हणतात ते म्हणालो. तर ते थोडं थांबले आणि म्हणाले, "तुम्ही त्याच्या वर्गात होता ना, मग सांगा ना, कसा होता हो तो तिकडे? घरी काहीच सांगायचा नाही."

आणि मंडळी, माझ्याकडे सांगायला एक वाक्य नव्हतं. शांत होता, म्हणालो. अभ्यासू होता, म्हणालो. हे मी कोणाबद्दलही म्हणालो असतो हे त्यांना कळलं असणार, कारण ते "हो, हो" म्हणाले आणि आभार मानून फोन ठेवला.

हॉलमध्ये सहा जणांचा एक फलक करायचाय, प्रत्येकाचा फोटो आणि खाली दोन ओळी, असं ठरलंय. पाच जणांच्या ओळी ग्रुपवर तासाभरात जमल्या, उलट छाटाव्या लागल्या. २३ च्या बाबतीत दोन दिवस झाले, एकूण जमा : 'शांत होता', 'चष्मा होता बहुतेक', आणि एकानं दुसऱ्याच कोणाचा तरी किस्सा सांगितला. फोटो म्हणावा तर ग्रुप फोटोत तिसऱ्या रांगेत अर्धा चेहरा आहे, पुढच्याच्या खांद्यामागे. तो पुढचा मीच आहे.

काय लिहू खाली? नुसतं नाव लिहिलं तर पाच जणांच्या शेजारी ते फार उघडं पडेल. काही तरी गोड रचून लिहावं तर भाऊ कधी तरी वाचतील. आणखी दोन गोष्टींबद्दलही बोला : पाचव्याबद्दल किती आणि काय लिहायचं, आणि पत्ता न लागलेल्या पाच जणांना शोधायचं कसं.

---

टवाळ

पहिला प्रतिसाद माझा असणं हा या धाग्यावर अन्याय आहे, पण तुमचं 'तो पुढचा मीच आहे' हे वाक्य वाचून टवाळी सुचेना. आमच्याही वर्गाच्या फोटोत मी कोणाच्या तरी पुढे उभा आहे, घरी गेल्यावर बघतो कोण आहे मागे.

---

सांजवेळ

आमच्याकडे मागच्या वर्षी झालं गेट-टुगेदर. आम्ही चूक काय केली सांगते, नावं सगळ्यात शेवटी घेतली. लोकं निघायच्या घाईत, कोणाची कॅब आलेली, निवेदकानं भराभरा आठ नावं वाचली आणि त्यातलं एक चुकीचं उच्चारलं. जिची जिवलग मैत्रीण गेली होती ती बिचारी तिथेच उभी राहिली, आणि पुढच्या मिनिटाला सेल्फीसाठी हाका. नावं सुरुवातीला घ्या, सगळे बसलेले असताना, आणि त्या त्या व्यक्तीच्या जवळच्यानं घ्यावं एकेक नाव. निवेदकानं नको. नंतर हसायला मोकळीक मिळते, उलट जास्त मोकळं हसतात लोकं, हे मी दुसऱ्या एका बॅचचं पाहिलंय.

---

गणकयंत्र

शोधण्याबद्दल आणि एकूणच तांत्रिक बाजूबद्दल थोडं, कारण आमच्या वर्गाचा हाच हमाल मी आहे.

१) ग्रुपवर 'अमुक लेफ्ट' असं दिसलं की लोकं चिडून सोडला असं धरतात. दर वेळी तसं नसतं. व्हॉट्सॲप अकाउंट साधारण १२० दिवस वापरलं नाही की आपोआप डिलीट होतं आणि माणूस ग्रुपमधून बाहेर पडलेला दिसतो. आमच्या एकीबद्दल सहा महिने 'शिष्ट आहे' म्हणून चर्चा चालली होती. ती गेली होती. तेव्हा यादीतल्या पाच जणांपैकी कोणी आधी ग्रुपवर होतं का, आणि कधी 'लेफ्ट' झालं ते बघा.

२) बंद झालेला नंबर कंपन्या काही महिन्यांनी दुसऱ्याला देतात. जुन्या नंबरवर थेट 'काय रे साल्या' करून सुरू करू नका.

३) गेलेल्यांचं फेसबुक प्रोफाइल घरच्यांना सांगून मेमोरियलाइज करून घेता येतं. नावावर 'रिमेम्बरिंग' येतं, लिहिलेलं सगळं राहतं, आणि मुख्य म्हणजे दर वर्षी 'आज यांचा वाढदिवस, शुभेच्छा द्या' हे थांबतं. स्वतःसाठी लेगसी कॉन्टॅक्ट (आपल्यामागे प्रोफाइल सांभाळणारा माणूस) आत्ताच नेमून ठेवा, २०१५ पासून ती सोय आहे, दोन मिनिटांचं काम.

४) आणि जे काही जुनं सापडेल ते आधी उतरवून घ्या. आमचा याहू ग्रुप होता, २००१ पासूनच्या मेल्स, त्यात गेलेल्या दोघांच्या शेकडो. याहूनं डिसेंबर २०२० मध्ये सगळंच बंद केलं, आधी वर्षभर सांगत होते, आम्ही 'करू करू' म्हणत राहिलो. ऑर्कुटचंही २०१४ मध्ये तेच झालं होतं, तरी शहाणपण नाही. गूगलसुद्धा दोन वर्षं न उघडलेली अकाउंट्स डिसेंबर २०२३ पासून पुसायला लागलंय. त्या मेल्समध्ये काय होतं हे आता मला आठवतही नाही, फक्त होतं एवढं आठवतं.

---

हजेरीपट

@गणकयंत्र, क्रमांक १ वाचून पोटात गोळा आला. पाचातला एक 'लेफ्ट' झालेला आहे, २०१९ मध्ये. आम्ही पण राजकारणावरून भांडण झालं म्हणून गेला असं धरलं होतं. बघतो.

---

नाईलाजास्तव

मी समुपदेशनाच्या क्षेत्रात आहे म्हणून पाचव्याबद्दल लिहिते. फलकावर तो कसा गेला हे लिहायची गरजच नाही, बाकी पाच जणांच्या खाली तरी कुठे लिहिणार आहात? कारण, पद्धत, 'शेवटच्या दिवसांत असा असा होता', यातलं काही नको. कारण एक नसतंच बहुतेक वेळा आणि आपल्याला माहीत असतं ते तर त्याहून कमी. 'सुटला बिचारा' छापाची वाक्यंही नकोत, ऐकणाऱ्यांत कोण कुठल्या अवस्थेत बसलंय आपल्याला कळत नाही. तो जगला कसा ते लिहा. आणि छापायच्या आधी घरच्यांना दाखवा, त्यांनी बाहेर काय सांगितलंय ते वेगळं असू शकतं आणि तो त्यांचा हक्क आहे.

अजून एक. मित्र गेल्याचं दुःख हे तसं बेवारस दुःख असतं. नातेवाइकांना भेटायला लोकं येतात, ऑफिसात सुट्टी मिळते, मित्राला कोण विचारतं? केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये याला नाव दिलं, डिसएन्फ्रँचाइज्ड ग्रीफ, म्हणजे ज्या दुःखाला समाज दुःख म्हणून जागाच देत नाही असं. तुमचा ग्रुप तिसऱ्या दिवशी जोकवर आला याचा अर्थ कोणाला काही वाटलं नाही असा काढू नका. बोलायचं कुठे हेच कळत नाही लोकांना.

---

स्पष्टवक्ता

थोडं कडू लिहितो, हलकं घ्या. जो माणूस दोन वर्षं तुमच्यात होता आणि ४१ जणांपैकी एकालाही आठवत नाही, त्याच्यासाठी आता फलक करून कोणाला बरं वाटणार आहे? तुम्हालाच. ३१ जिवंत आहेत ग्रुपवर, त्यातले बोलतात किती? आमच्याकडे १०० जणांच्या ग्रुपवर नऊ जण बोलतात, बाकीचे सणावाराला फुलं टाकतात. त्या बाकीच्यांना फोन करा आधी. नाहीतर पुढच्या फलकाच्या वेळी हीच पंचाईत.

---

टवाळ

@स्पष्टवक्ता, आयडीला जागलात. पण पटलं.

---

सांजवेळ

मला नाही पटलं. जिवंतांना फोन करा हे बरोबर, पण म्हणून याला सोडून द्या हे कसं काय? भावानं विचारलंय. प्रश्न भावाचा आहे, धागाकर्त्याला बरं वाटण्याचा नाही.

---

स्पष्टवक्ता

भावाला 'खरंच आठवत नाही हो, माफ करा' असं सांगणं हे 'शांत आणि अभ्यासू'पेक्षा जास्त प्रामाणिक झालं असतं. एवढंच म्हणणं.

---

हजेरीपट

बरोबर आहे तुमचं. माझी हिंमत झाली नाही.

(आणि हो, ३१ पैकी बोलणारे मोजले. अकरा. त्यातला एक फक्त हवामानाबद्दल बोलतो.)

---

खडूचा तुकडा

मी ३४ वर्षं शिकवलं, विषय तुमचा नाही पण विज्ञानच. शिक्षक म्हणून सांगतो, वर्गात बसलेला मुलगा नाही आठवत, प्रॅक्टिकलला उभा राहिलेला आठवतो. तुम्ही सगळा वर्ग विचारत बसला आहात तिथेच चुकतंय. लॅबमध्ये पार्टनर रोल नंबरनं लावत असत. २३ च्या शेजारचे कोण? २१, २२, २४ यांना एकेकट्यानं फोन करा, ग्रुपवर विचारू नका. ग्रुपवर पहिल्यानं 'शांत होता' म्हटलं की पुढचे पंधरा जण तेच म्हणतात, हे मी तोंडी परीक्षांत आयुष्यभर पाहिलंय. आणि कोणाला विचारताना 'तो आठवतो का' असं नका विचारू. 'ऑप्टिक्सची लॅब आठवते का, कुठलं टेबल होतं तुमचं, शेजारी कोण असायचं' असं विचारा. माणूस टेबलावरून आठवतो.

डिपार्टमेंटच्या लॅब असिस्टंटलाही विचारा, निवृत्त झाले असतील पण त्यांना प्रोफेसरांपेक्षा जास्त माहीत असतं.

---

हजेरीपट

सर, दंडवत. हे सुचलंच नव्हतं. पण नशीब बघा, २१ म्हणजे २०२१ मध्ये गेलेल्यांतला एक, २२ म्हणजे तो 'लेफ्ट' झालेला, आणि २४ ग्रुपवर आहे पण सहा वर्षांत एक मेसेज नाही. निळी टिक तेवढी येते. आमच्या लॅबच्या जोड्या २१-२२, २३-२४ अशाच होत्या, आत्ता आठवलं. तिला फोन केला, उचलला नाही. धाग्याची लिंक पाठवून ठेवलीय.

---

उंबरठा

नंबर दुसऱ्याला जाण्यावरून आठवलं म्हणून, अवांतर आहे. माझी मैत्रीण गेल्यावर मी तिच्या नंबरवर अधूनमधून मेसेज टाकायचे. एक टिक यायची, बरं वाटायचं, काही नाही असंच, आज अमुक झालं, तू असतीस तर. दीड वर्षांनी एक दिवस दोन टिका आल्या. माझे हातपाय गार. मग उत्तर आलं, 'मॅडम हा नंबर आता माझा आहे, पण तुम्ही लिहिलंत तरी चालेल.' मी परत कधी लिहिलं नाही, पण त्या माणसाचा नंबर अजून तिच्याच नावानं सेव्ह आहे.

---

टवाळ

@उंबरठा, काय लिहिलंय हे. आज काम होणार नाही आता.

---

गणकयंत्र

दोन मिनिटं शांत उभं राहण्याचा कार्यक्रम ठेवणार असाल तर खरंच दोन मिनिटं ठेवा. पहिल्या महायुद्धातल्या मृतांसाठी ११ नोव्हेंबर १९१९ ला ब्रिटनमध्ये पहिल्यांदा पाळली गेली तेव्हा पूर्ण दोन मिनिटं रस्त्यावरची वाहनंसुद्धा थांबली होती. आपल्याकडे पस्तिसाव्या सेकंदाला 'धन्यवाद, कृपया बसून घ्या' येतं. मी घड्याळ लावून मोजलंय.

---

हजेरीपट

अपडेट. 'लेफ्ट' झालेला २२ जिवंत आहे!! दुसऱ्या मित्राच्या मेहुण्याकडून नंबर मिळाला. मी "अरे जिवंत आहेस का" असंच विचारलं, तोंडून निघून गेलं. तर म्हणाला, "फोन हरवला, नंबर बदलला, आणि खरं सांगू का, नोकरी गेली होती त्या वर्षी, तुमच्या प्रमोशनच्या बातम्या वाचवत नव्हत्या, म्हणून परत आलो नाही." आम्ही राजकारण राजकारण करत बसलो होतो. येतोय तो. ग्रुपवर टाकू नको म्हणालाय, थेट हॉलवर येईन. २३ बद्दल विचारलं, तर म्हणाला शेजारच्या टेबलावर असायचा, दिवा चालू-बंद तोच करायचा, बाकी २४ ला विचार.

---

स्पष्टवक्ता

हे चांगलं झालं. माझं कडू मागे घेत नाही, पण हे चांगलं झालं.

---

चोवीस (नवीन सदस्य)

नवीन आयडी घेतली फक्त यासाठी, देवनागरी टायपिंगची सवय नाही चुका समजून घ्या.

अरे हजेरीपट, मी २४. तुझा फोन बघितला होता, उचलला नाही कारण ग्रुपवर सहा वर्षं न बोलल्यावर पहिलं वाक्य काय बोलायचं हे मला समजत नव्हतं. इथे लिहिणं सोपं वाटतंय.

तो गेला हे मला धाग्यातून कळलं. कालपासून तीनदा वाचला.

ऑप्टिक्सची लॅब, डार्क रूम, खिडकीला काळा कागद चिकटवलेला आणि एका कोपऱ्यात तो फाटलेला. आमच्याकडे मायकेलसन इंटरफेरोमीटर होता, म्हणजे स्क्रूनं आरसा सरकवून प्रकाशाची तरंगलांबी मोजायचं यंत्र. सोडियमचा दिवा लावला की लगेच पिवळा होत नाही, आधी लालसर गुलाबी असतो, तापायला दहा एक मिनिटं जातात, तेवढा वेळ काही करता येत नाही. त्या दहा मिनिटांत तो बोलायचा रे. शांत होता म्हणे! दिवा लाल असेपर्यंत अखंड बडबड, कशावरही, बसमधल्या माणसांच्या नकला करायचा, आपल्या सरांची नक्कल तर अशी की मी तोंडात ओढणी कोंबायचे. आणि दिवा पिवळा झाला की गप. मग डोळा लावायचा आणि फ्रिंज मोजायचा. मध्यातून एकेक वलय उगवतं ते मोजायचं असतं, स्क्रू अगदी हळू, एकाच दिशेनं, मागे फिरवला की बॅकलॅश, म्हणजे आटे ढिले पडून रीडिंग चुकतं. दर पंचविसाला टेबलावर पेन्सिल आपटायचा, मी वहीत एक रेघ मारायची. दहा रेघा म्हणजे २५०.

तर त्या दिवशी आठवी की नववी रेघ झाली होती आणि मी त्याला हाक मारली, वेळ काय झाली विचारायला, माझी बस होती. त्यानं मान न हलवता नुसता हात वर केला, थांब म्हणून. मोजणी पुढे चालू. सोडियमच्या तरंगलांबीचं उत्तर आलं ५९१७. यायला पाहिजे ५८९३. आता तुम्ही सगळे काय करायचात ते मला माहितीय, उत्तरावरून उलटं रीडिंग बसवायचात. मी पण म्हटलं, बसवू या. तर म्हणाला, "आलंय ते आलंय. मोजलेलं खोडायचं नाही." तसंच लिहिलं. त्याचं मी उतरवलं, माझी जर्नल मुलींच्या हॉस्टेलवर गेली, तिथून मुलांच्या, आणि सबमिशनला अख्ख्या वर्गाचा सोडियम ५९१७. सरांनी लाल पेननं लिहिलं होतं, 'सर्वांचा दिवा एकाच दुकानातला दिसतो.' आठवतंय का आता कोणाला?

माझी जर्नल आहे अजून. माळ्यावर होती, आज काढली. रीडिंग : आरसा सरकला ०.०७३९६ मिमी, एन (मोजलेली वलयं) बरोबर २५०.

---

हजेरीपट

अगं!!! 'एकाच दुकानातला' हे मला आठवतं, ते माझ्या जर्नलवर पण होतं, आम्ही वर्षभर तो डायलॉग मारत होतो. कोणाचं रीडिंग आहे हे कधी विचारलंच नाही. मी कोणाकडून उतरवलं तेही आठवत नाही. थांब, ग्रुपवर टाकतो.

---

गणकयंत्र

हातात आकडे आले की मला राहवत नाही. आरसा ०.०७३९६ मिमी सरकला, प्रकाश जाऊन परत येतो म्हणून त्याची दुप्पट ०.१४७९२, भागिले २५० केलं की ५९१६.८, म्हणजे तुमचा ५९१७ अँगस्ट्रॉम (मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). आता २५० च्या जागी २५१ नं भागून बघा. ५८९३.२.

सोडियमच्या दोन रेषा ५८९० आणि ५८९६, सरासरी ५८९३. म्हणजे स्क्रू बरोबर, आरसा बरोबर, डोळा बरोबर, एकच वलय मोजायचं राहिलं. अडीचशेत एक.

---

चोवीस

म्हणजे मी हाक मारली तेव्हाचं.

---

गणकयंत्र

पुरावा नाही, पण आकडा बसतो. सॉरी, मी हिशोबाच्या नादात लिहून गेलो.

---

चोवीस

सॉरी नको. पंचवीस वर्षांनी उत्तर आलं की. तो असता तर म्हणाला असता, बघ, मी म्हटलं होतं दिव्याची चूक नाही.

---

खडूचा तुकडा

लाल पेनवाल्यांच्या वतीनं एक कबुली. असे शेरे आम्ही शंभर वह्या तपासून झाल्यावर, रात्री, हसू यावं म्हणून लिहितो. त्या वर्गात एकानं रीडिंग न बसवता खरं लिहिलंय आणि बाकीच्यांनी उतरवलंय हे आम्हाला कळायला हवं होतं. कळत नाही.

---

नाईलाजास्तव

@चोवीस, गेट-टुगेदरला जा. जमलं तर नाव तुम्हीच घ्या त्याचं.

---

चोवीस

बघते. घेईन बहुतेक. ग्रुपवर मात्र बोलायला लावू नका.

---

हजेरीपट

शेवटचं अपडेट, मग धागा खाली जाऊ दे.

ग्रुपवर टाकलं तर रात्रीत ९४ मेसेज. सतरा जणांनी आपापल्या जर्नल्स शोधल्या, सहा सापडल्या, सहाही ५९१७. एकानं मात्र खोडून ५८९३ केलेलं निघालं, तो आता एका कॉलेजात प्राध्यापक आहे, त्याचं जे व्हायचं ते झालं. निळ्या टिकवाल्यांपैकी चौघं बोलले. पाचव्या मित्राच्या घरी मजकूर दाखवून आलो, त्याच्या बायकोनं एक शब्द बदलला, 'हुशार'च्या जागी 'खट्याळ' करा म्हणाली, केला. पाचांपैकी अजून चार जण सापडलेले नाहीत.

आज सकाळी भावाला परत फोन केला. आधी स्पष्टवक्ता म्हणाले तसं केलं, मागच्या वेळी मी उगाच बोललो, मला तो खरंच आठवत नव्हता, असं सांगितलं. ते म्हणाले, "कळलं होतं मला." मग सगळं वाचून दाखवलं, दिवा, नकला, पेन्सिल, हाक, २५१. मध्ये ते काहीच बोलेनात, फोन कट झाला की काय म्हणून मी हॅलो हॅलो केलं.

तर हसत होते. म्हणाले, "मोजण्यात चुकला होता म्हणता? घरी कधी कबूल केलं नसतं त्यानं." आणि मग, "नकला करायचा हे आम्हाला ठाऊकच नाही हो. कोणाच्या करायचा?" मी म्हटलं ते २४ ला विचारावं लागेल.

फोटो पाठवतायत ते, नीट, पूर्ण चेहऱ्याचा. आणि मी आलो तर चालेल का असं विचारलं. हॉलवाल्याला मी ३१ खुर्च्या सांगून ठेवल्या होत्या, आता २२ धरून ३२ आणि हे ३३. उद्या जाऊन सांगून येतो.